बर्फवाल्या

तिला सगळे शिडी म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिला तर नाहीच. वडिलांचं बुटांचं दुकान होतं. जागा अरुंद, पण छत उंच, त्यामुळे खोके जमिनीपासून थेट छतापर्यंत रचलेले. गिऱ्हाइकाने वरच्या रांगेतला जोड मागितला की वडील शिडी शोधायला निघत आणि ती म्हणे, "राहू द्या, मी आहे ना." मग टाचा उचलून, हात लांब करून ती खोका असा अलगद काढी की शेजारच्या खोक्यांना पत्ताही लागत नसे.

या उंचीपायी तिने शाळेत कमी सोसलं नव्हतं. वर्गाच्या फोटोत कायम मागे, नाटकात कायम झाड. पुढे एक-दोन मुलं ओळख वाढवायला आली, पण तिच्या शेजारी उभं राहायची वेळ आली की त्यांना अचानक कुठलंतरी काम आठवे. तिने मनाची समजूत घातली होती. दुकान होतं, वडील होते, दिवस बरे चालले होते.

अशाच एका दुपारी एक ठेंगणी मुलगी दुकानात शिरली. तिला खेळायचे बूट हवे होते. पायात घातले आणि आरशात बघण्याऐवजी ती बाकड्यांमधून सुसाट पळाली, टोकाला गर्रकन वळली आणि परत आली. वडिलांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"घसरतात हे," ती म्हणाली. "दुसरे दाखवा."

दुसरे होते सगळ्यात वर. शिडीने हात उंचावून खोका काढला. ठेंगणी बूट विसरून तिच्याकडेच बघत राहिली.

"परत ठेव आणि परत काढ बघू."

"कशाला?"

"काढ तर."

शिडीने खोका ठेवला, काढला. गिऱ्हाइकाचे असले लाड दुकानात नेहमीचेच.

"उद्या संध्याकाळी बर्फाच्या कारखान्याशेजारच्या गोदामात ये," ती मुलगी म्हणाली. "बायकांचा बास्केटबॉलचा संघ उभा राहतोय. हौशी नाही, पगारी."

"मला खेळता येत नाही."

"बाकीच्यांना तरी कुठे येतंय? एकीला येतं, ती मी."

त्या मुलीचं नाव भिंगरी पडलं होतं. का, ते वेगळं सांगायला नको.

आता हा संघ निघाला कसा, तर बर्फवाल्यांच्या बायकोच्या हट्टातून. बर्फवाले म्हणजे गावातले बर्फाच्या कारखान्याचे मालक. मासळीबाजार, इस्पितळ, सरबताच्या गाड्या, सगळीकडे त्यांचीच लादी जायची. मालकीणबाई लहानपणी बास्केटबॉल खेळलेल्या, आणि लग्नानंतर सुटलं ते सुटलंच. बायकांची लीग निघतेय, जो हॉल देईल आणि खेळाडूंना पगार देईल त्याला जागा मिळतेय, हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी नवऱ्याचा पिच्छाच पुरवला. त्यांच्याकडे एक जुनं शीतगोदाम रिकामं पडलं होतं. "घे बाई ते," म्हणून बर्फवाल्यांनी हात टेकले.

गोदामात फळ्यांची जमीन घातली, दोन टोकांना रिंगा लावल्या, पायऱ्यांची बाकं केली. पण शेजारच्या कारखान्याचे नळ त्याच भिंतीतून गेलेले. त्यामुळे बाहेर उकाड्याने जीव जात असला तरी आत हुडहुडी भरे. लोक सामना बघायला कोट घालून येत. थंडीत चेंडूचा टप्पा कमी येतो, हे बाहेरच्या संघांना इथे आल्यावरच कळे, तेही उशिरा. घरच्या मुलींना त्याची सवय झाली. लोक त्यांना बर्फवाल्या म्हणू लागले. संघाचं कागदोपत्री नाव बरंच लांबलचक होतं. ते कुणाच्याच तोंडात बसलं नाही, मग दुसऱ्या वर्षी मालकांनी गणवेशावर सरळ 'बर्फवाल्या' असंच छापून घेतलं.

शिकवायला फौजदारबाई होत्या. पोलिसात नोकरी केलेल्या, पोलिसांच्या संघातून खेळलेल्या, आता निवृत्त. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. चूक झाली की नुसतं बघायच्या, आणि समोरच्याला गुन्हा कबूल करून मोकळं व्हावंसं वाटे.

पहिल्या वर्षी बर्फवाल्या हरल्या, आणि हरायची म्हणून एक पद्धत असते तीही त्यांना धड जमली नाही. शिडी स्वतःच्याच पायात पाय अडकून पडे. लोक बाकांवरून ओरडत, "शिडी धरा रे कुणीतरी." ती रडकुंडीला येई. एकदा सरावानंतर ती खेळ सोडते म्हणाली, तेव्हा भिंगरी तिच्यासमोर चेंडूवर बूड टेकून बसली.

"तू चेंडूकडे बघतेस, तिथे चुकतं तुझं," ती म्हणाली. "खोका काढताना तू बघतेस का? हात आपला आपण जातो. तसाच जाऊ दे. चेंडू तिथे आणायचं काम माझं."

पुढच्या सामन्यात शिडीने नुसता हात वर केला. चेंडू आला, तळव्याला लागला आणि तिने तो रिंगेत सोडला. कोट घातलेल्या लोकांना आधी कळलंच नाही. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ती घाबरून भिंगरीच्या मागे लपायला गेली. तिला लपायला भिंगरी फारच अपुरी होती.

पहिला विजय आला तो मोसमाच्या शेवटी, लीगमधल्या दांडग्या संघाविरुद्ध. भोंगा वाजला आणि हॉल चिडीचूप. जिंकल्यावर करायचं काय असतं याची कुणालाच सवय नव्हती. बर्फवाले उठले, गुणफलकाजवळ गेले आणि तो बिघडला तर नाही ना म्हणून त्यांनी त्याच्यावर हात मारून पाहिला. फलक ठीक होता.

मग दिवस फिरले. संघाला बस मिळाली आणि बस चालवायला भिंगरीचा थोरला भाऊ मिळाला. तो आधी कारखान्याचा ट्रक चालवायचा. शांत माणूस. शिडीपेक्षा वीतभर बुटका. एका गावी बस बंद पडली तेव्हा तो आणि शिडी मेकॅनिकची वाट बघत रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे होते. त्याला काही काम आठवलं नाही. उलट तो म्हणाला, "तुमची सावली बरी पडते. उन्हात उभं राहायला सोय झाली." शिडी हसली ती हसतच राहिली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं.

म्हणजे आता संघात नणंद-भावजय झाल्या. लोकांना तर ते फारच आवडलं. भिंगरी मुद्दाम भर कोर्टात ओरडायची, "वहिनी, घे," आणि अख्खा हॉल तिच्यामागून, "वहिनी, घे." विरुद्ध संघाला वाटे ही कुठली तरी ठरवलेली खूण आहे. फौजदारबाईंनी दोघींना एकदा बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "घरची भांडणं बसमध्ये. कोर्टवर पास." भांडणं व्हायचीही बसमध्येच. नवरा आरशातून बघायचा आणि रेडिओचा आवाज वाढवायचा.

सहाव्या वर्षी बर्फवाल्यांनी लीग जिंकली, तीही आपल्याच हॉलमध्ये. शेवटच्या क्षणाला चेंडू शिडीकडे होता, समोर रिंग मोकळी. तिने सोडला आणि नेम चुकला. चेंडू कडेवर आपटून वर उडाला. सगळ्या उंच बाया हात वर करून उभ्या, आणि त्यांच्या खालून, कुणाच्या तरी कोपराखालून भिंगरी निघाली, टप्पा पडताच चेंडू उचलला आणि टाकला. गेला. त्या बास्केटवर दोघींचा वाद आजही चालू आहे. भिंगरीचं म्हणणं, वहिनीने चुकवला म्हणून मी नावारूपाला आले. शिडीचं म्हणणं, तो पासच होता.

त्यानंतर वर्षभरात बर्फवाले गेले. तोवर घरोघरी फ्रीज आले होते आणि लादीचा धंदा तसाही बसत चालला होता. मुलाने कारखाना मोडीत काढला आणि लीगमधली संघाची जागा समुद्रकाठच्या एका मोठ्या शहराला विकली. तिथल्या हॉटेलवाल्यांनी घेतली. चेंडू, गणवेश, नाव, सगळं त्यात आलं. खेळाडूंना सांगितलं, यायचं त्या या.

शिडीची लेक तेव्हा काही महिन्यांची होती. वडिलांची नजर अधू झाली होती, त्यांना बुटाचा डावा-उजवा हाताने चाचपून ओळखावा लागे. ती जाणं शक्यच नव्हतं, आणि हे दोघींना बोलायच्या आधीच ठाऊक होतं.

"मला दुसरं काही येत नाही गं," भिंगरी म्हणाली. ती दुकानाच्या बाकड्यावर बसून बुटाची नाडी उगाच सोडत-बांधत होती.

"मग जा. मी कुठे अडवतेय?"

"अडवत नाहीयेस, पण तुझं तोंड बघ."

"माझं तोंड असंच आहे."

शेवटच्या फेरीला बस नवऱ्यानेच चालवली. जाणाऱ्या मुलींना समुद्राकाठी सोडून तो रिकामी बस घेऊन परत आला, किल्ल्या मालकांच्या मुलाकडे जमा केल्या आणि घरी येऊन लेकीला मांडीवर घेऊन बसला.  

त्याच आठवड्यात मालकीणबाई दुकानात आल्या. बाजाराच्या पिशवीतून त्यांनी लीगचा कप काढला आणि गल्ल्यावर ठेवला. "हा आमच्या घरी होता," त्या म्हणाल्या. "मुलाने काय विकायचं ते विकलं. हे माझं होतं, मी विकलेलं नाही. तुझ्याकडे असू दे." शिडीने तो दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवला. पुढे पुढे त्यात बूट चढवायच्या पट्ट्या उभ्या राहू लागल्या. कुणी विचारलं तर ती सांगे, नाही विचारलं तर सांगत नसे.

वर्षं सरली. नगरपालिकेने ते गोदाम ताब्यात घेऊन मुलांसाठी खुलं केलं. नळ कधीच काढले होते, त्यामुळे आतली थंडी गेली. शिडी दुकान उघडण्याआधी तिथे मुलींना खेळ शिकवी. भिंगरी समुद्राकाठी खेळत राहिली, मग तिथेच प्रशिक्षक झाली. मोसम संपला की ती भावाकडे यायची ती चांगली पंधरा-वीस दिवस राहायची. नणंद-भावजय मिळून स्वयंपाक करत, पडदे शिवत, शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढत. फक्त संघाचा विषय निघाला की शिडी उठून भांडी घासायला लागे. भिंगरी विषय बदले. दोघींनी तो दगड असा मध्ये ठेवून दिला होता आणि त्याला वळसा घालून चालायची सवय करून घेतली होती.

लेक वाढली आणि आईच्याही वर गेली. आत्या तिला जिराफ म्हणायची. आईने तिला हात वर करायला शिकवलं, आत्याने पळायला. शिक्षण संपत आलं तेव्हा दोन-तीन संघांनी तिला बोलावलं, आणि तिने नेमका समुद्राकाठचा निवडला.

"जगात दुसरे संघ नाहीत का?" शिडी म्हणाली.

"आहेत. पण आत्या तिथे आहे."

रात्रीच्या जेवणाआधी भिंगरीचा फोन आला. "वहिनी, आधीच सांगून ठेवते. पहिलं वर्ष मी तिला बाकावर बसवणार. भाची आहे म्हणून लाड नाही."

"बसव की," शिडी म्हणाली. "फक्त पाठीला उशी दे. जास्त वेळ बसली की तिची पाठ धरते."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं.

इतक्या वर्षांत शिडी त्या शहरात एकदाही गेली नव्हती. दुकान सोडवत नाही, प्रवास झेपत नाही, अशी कारणं होती आणि ती सगळ्यांनी मान्य केली होती. आता मात्र लेकीचा घरच्या हॉलमधला पहिला सामना होता. नवऱ्याने गाडीच्या चाकांत हवा भरून घेतली आणि विचारलं, "निघायचं?" ती निघाली.

हॉल काचेचा होता, उजेडाने भरलेला. आत शिरल्या शिरल्या एक मोठी भिंत होती आणि तिच्यावर संघाचा इतिहास मांडला होता. फोटो, गणवेश, कात्रणं. पहिला फोटो भिंगरीचा, भोवती बहुतेक अनोळखी मुली, खाली 'आपला पहिला संघ'. आणि भिंतीच्या माथ्यावर ठळक अक्षरांत: 'कितीही ताण आला तरी आमच्या मुली डोकं बर्फासारखं थंड ठेवतात. म्हणून आम्ही बर्फवाल्या.'

शिडीने ते दोनदा वाचलं.

"माझ्या बहिणीचं डोकं?" नवरा म्हणाला. "थंड?"

तिला हसू आलं खरं, पण ते टिकलं नाही. शेजारी एक लहान मुलगी बापाला ती ओळ वाचून दाखवत होती, एकेका अक्षरावर बोट नाचवत. बाप मान डोलावत होता.  त्या मुलीला काय सांगणार? गोदाम, कोट, भिंतीतले नळ, लादीच्या गाड्या, काही काहीच नव्हतं त्या भिंतीवर. सहा वर्षं होती, आणि ती कुणी हाताने पुसलीही नव्हती, कारण पुसायला आधी लिहावी लागतात.

सामन्यात लेक बराच वेळ बाकावर होती. शेवटी आत्याने तिच्याकडे न बघताच बोट दाखवलं. लेक उठली, एक चेंडू अडवला, एक हातातून घालवला आणि एक टाकला. नवरा उभा राहून शिट्ट्या वाजवू लागला. इतक्या वर्षांच्या संसारात याला शिट्टी येते हे शिडीला माहीत नव्हतं.

संध्याकाळी सगळे भिंगरीच्या घरी जमले. लेक आणि तिचा बाप खाली समुद्र बघायला गेले, आणि स्वयंपाकघरात दोघीच राहिल्या. शिडी बटाटे सोलत होती.

"तू रोज त्या भिंतीपुढून जातेस," ती म्हणाली.

भिंगरीचा हात सुरीवर थांबला. "जाते."

"काही वाटत नाही?"

"पहिल्या वर्षी वाटलं. भांडले. हॉटेलवाले म्हणाले, इथल्या लोकांना तुमच्या त्या गावाशी काय देणंघेणं. मग मी गप्प बसले. मला खेळायचं होतं, वहिनी."

"आणि ते बर्फासारखं डोकं? ते कुणाच्या सुपीक मेंदूतून निघालं?"

 भिंगरीचे कान लाल झाले. फौजदारबाईंपुढे व्हायचे तसे.

"माझ्या," ती म्हणाली.

शिडीने सोलणं बाजूला ठेवलं.

"त्यांना नाव बदलायचं होतं," भिंगरी सांगू लागली. "समुद्र आहे म्हणून 'लाटा' ठेवायचं होतं. नवे गणवेशसुद्धा काढून आणले होते, निळे. मी म्हटलं, बर्फवाल्या राहू द्या. मोठा साहेब म्हणाला, का, इतक्या उकाड्यात बर्फ कशाला? आता खरं सांगितलं असतं, की आमच्या गावात बर्फाचा कारखाना होता, तर त्याने त्याच दिवशी 'लाटा' करून टाकलं असतं. मग मी ठोकून दिलं. म्हटलं, साहेब, आम्ही डोकं थंड ठेवून खेळतो, म्हणून लोकांनी ते नाव दिलं. त्याला इतकं आवडलं की त्याने ते भिंतीवरच लिहून काढलं."

"तू म्हणालीस, डोकं थंड," शिडी म्हणाली.

"हो."

"तू."

"हो म्हटलं ना."

 शिडीचे खांदे हलू लागले. हसता हसता तिला खुर्ची धरावी लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचंच आहे की दुसऱ्या कशाचं, ते निवडत बसायची तिला गरज वाटली नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की भिंगरी सगळं टाकून गेली. आणि ही बया तर सगळं पाठीवर घेऊन गेली होती, नुसतं तोंडाने खोटं बोलून.

"मला सांगायचं नाही होय?" डोळे पुसत ती म्हणाली.

"सांगणार कधी? विषय काढला की तू भांडी घासायला लागतेस. तुझ्या घरची भांडी झिजून गेली."

लेक आणि बाप परत आले तेव्हा दोघी हसत होत्या आणि बटाटे तसेच होते. मग बाहेरून जेवण मागवावं लागलं.

हॉटेलवाल्यांनंतर क्लब आता दुसऱ्यांच्या हाती होता. कारभार बघायला एक तरुण संचालकबाई होत्या. भिंगरीने दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढे जाऊन सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या थापेसकट. बाईंनी कपाळाला हात लावला, मग त्याही हसल्या. आठवड्याभरात त्यांचा शिडीला फोन आला. तुमच्याकडे पहिल्या विजेतेपदाचा कप आहे असं कळलं, भिंत नव्याने करतोय, कप पाठवाल का, मोबदला देऊ.

"कप कुठे जायचा नाही," शिडी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्याच्यात माझ्या बूट चढवायच्या पट्ट्या असतात. पण तुम्ही या की. अख्खा संघ घेऊन या. ज्या हॉलमध्ये तो जिंकला तो अजून उभा आहे. फोटो काढा, लोकांना विचारा, आणि मग भिंतीवर काय लिहायचं ते लिहा."

शिडीला वाटलं होतं की बाई टाळतील. पण नवा मोसम सुरू व्हायच्या आधी एक शनिवार ठरला, आणि संघाची बस गावात आली. सराव सामना बर्फवाल्यांच्या दोन तुकड्यांत होणार होता. शिडीने आपल्या शिकाऊ मुलींकडून हॉल धुऊनपुसून घेतला होता, रिंगांना नवी जाळी लावली होती.

दुपारपासून लोक यायला लागले. दिवस उकाड्याचा होता, आणि म्हातारे, म्हाताऱ्या, पन्नाशी-साठीचे बाप्ये, बाया, सगळे कोट घालून आले. कुणी ठरवलं नव्हतं. बर्फवाल्यांचा सामना म्हणजे कोट, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की घरातून निघताना हात आपोआप खुंटीकडे गेला होता. मालकीणबाईंना त्यांच्या नातीने चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्यांच्या अंगावर तर लोकरीचा कोट होता आणि गळ्यात मफलर. संचालकबाई घामाने डबडबल्या होत्या. त्या रांगेरांगेने फिरून प्रत्येकाला एकच विचारत होत्या, कोट का, आणि प्रत्येकजण आपापल्या परीने लांबलचक सांगत होता. बाईंचा फोटोवाला फोटो काढून काढून थकला.

फौजदारबाई नव्हत्या आता. बाकीच्या जुन्या खेळाडूंपैकी तिघी आल्या होत्या. एकीच्या गुडघ्याला पट्टा, एक आजी झालेली, एकीने केस लाल रंगवलेले. मध्यंतरात कुणीतरी म्हणालं, यांनाही खेळू द्या. बघता बघता त्या तिघी आणि शिडी कोर्टवर उतरल्या, भिंगरीने जाकीट काढून फेकलं, आणि समोर नव्या मुली उभ्या राहिल्या. शिडीच्या समोर तिची लेक.

"आई, दम लागला तर सांग," लेक म्हणाली.

"तू तुझं बघ."

भिंगरीने चेंडू घेतला. पूर्वीचा वेग राहिला नव्हता, पण वळण तेच. "वहिनी, घे," ती ओरडली, आणि बाकांवरून कोटातल्या लोकांनी तेच शब्द उचलले. शिडीचा हात आपला आपण वर गेला. चेंडू आला. तो तळव्याला लागायच्या बेतात असतानाच वरून आणखी लांब एक हात आला आणि लेकीने तो तिच्या डोक्यावरून साफ काढून नेला. दया नाही, माया नाही. पळत जाऊन तिने दुसऱ्या टोकाला टाकलाही.

शिडी कमरेवर हात ठेवून, धापा टाकत कोर्टच्या मधोमध उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं की नवऱ्याने बाकावरून उठून विचारलं, "काय झालं गं?"

"बघितलंस का तिने कसा काढला?" ती म्हणाली. "बघितलंस ना?"

जुन्या बाया बऱ्याच फरकाने हरल्या. मालकीणबाईंनी सगळ्यांना जवळ बोलावून एकेकीचा हात हातात घेतला. नव्या मुलींचेही घेतले, आणि त्यांच्या गणवेशावरची अक्षरं बोटाने चाचपून पाहिली.  निघताना नातीला म्हणाल्या, "थंडी कमी झालीय इथली."

भिंत नवी झाली. ती आता सहा वर्षं आधीपासून सुरू होते. कोटातल्या म्हाताऱ्यांचा फोटो सगळ्यात मोठा आहे, आणि लहान मुलं पहिल्यांदा त्याच्याचपुढे थांबतात. मजकुरावरून नणंद-भावजयींचे फोनवर आठवडाभर खटके उडाले. शेवटच्या बास्केटबद्दल काय लिहायचं यावर तर एकमत झालंच नाही, म्हणून संचालकबाईंनी दोघींचं म्हणणं शेजारी शेजारी छापून टाकलं. थंड डोक्याची ओळही बाईंनी राहू दिली, खाली 'ही थाप आहे, पण आमचीच' असं लिहून.

लेक दुसऱ्या वर्षी बाकावरून उठली आणि बहुतेक सामन्यांत सुरुवातीपासून खेळू लागली. शिडी आणि नवरा महिन्या-दोन महिन्यांनी गाडी काढून जातात. तिला तो समुद्र आवडायला लागला आहे. तसं ती कबूल करत नाही, पण वाळूतल्या बाकावर पाय पसरून बसली की लवकर उठत नाही.

मागच्या खेपेला अशाच त्या दोघी बसल्या होत्या. नवरा शेजारी डोक्यावर टोपी घेऊन डुलकी काढत होता. लाटा येत होत्या, जात होत्या.

"दुकानावरची खोली रिकामी आहे का गं?" भिंगरीने विचारलं.

"रिकामी कसली. खोके भरलेत तिथे. का?"

"अजून दोन मोसम शिकवेन म्हणते. मग पुरे. मग कुठेतरी राहायला लागेलच."

 खोलीला पूर्वेची खिडकी होती, पण ती नीट लागत नव्हती, आणि भिंतीला रंग लावून जमाना झाला होता. शिडीने मनातल्या मनात पलंग कुठे ठेवायचा ते पाहून घेतलं.

"सकाळी मुलींना शिकवायला माझ्याबरोबर उठावं लागेल," ती म्हणाली. "आणि खिडकी तू दुरुस्त करून घे."

"खिडकी दादा करेल," भिंगरी म्हणाली.

टोपीखालून नवऱ्याने हं केलं.